दगडांच्या फटीतला पिका

मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. एका चादरीवर शेवया, दुसरीवर बिबडे, कोपऱ्यात गहू. वाळलेला गहू कोठीत भरताना अम्मी मधेमधे कडुनिंबाचा पाला घालते, म्हणजे कीड लागत नाही. हीच उठाठेव करणारा एक प्राणीही आहे. तो उन्हाळ्यात गवत तोडतो, साठवतो आणि हिवाळाभर खातो. त्याचे नाव पिका.

वर्गात हे नाव काढले तर मुले ओरडली, "पिकाचू!" कार्टूनमधल्या त्या नावाचा या प्राण्याशी संबंध नाही. पिका दिसतो उंदरासारखा, पण नात्याने सशाचा भाऊबंद. कान लहान आणि गोल, शेपूट दिसतच नाही. आपल्या हिमालयातल्या एका जातीला 'रॉयलचा पिका' म्हणतात. त्यात राजेशाही काही नाही. सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख जॉन फोर्ब्स रॉयल यांचे ते नाव. वजन म्हणाल तर साधारण दीडशे ग्रॅम.

सातपुड्यात किंवा सह्याद्रीत पिका शोधू नका. तो उत्तराखंडात तुंगनाथच्या वाटेवर, हिमाचलात, लडाखमध्ये, सिक्कीममध्ये खडकांच्या राशींत राहतो. सिक्कीमचा पिका ही वेगळीच जात असल्याचे 2016 मध्ये जनुकांच्या तपासणीतून स्पष्ट झाले. आपले कळसूबाई 1646 मीटर उंच. मोठ्या कानांचा पिका तर 6000 मीटरच्याही वर आढळला आहे.

एवढ्या थंडीत तो झोपून राहत असेल, असे वाटते. पण पिका हिवाळी झोप घेत नाही, बर्फाखालीही जागाच असतो. म्हणून साठवण लागते. अमेरिकेतला पिका तर दगडांखाली चक्क गवताची गंजी रचतो, आपल्याकडे कडब्याची रचतात तशी. त्यात काही कडू वनस्पती मुद्दाम आणतो. ताज्या असताना त्या तो फारशा खात नाही. त्यांतल्या कडू द्रव्यांमुळे चारा कुजत नाही, आणि महिन्यांनी कडवटपणा उतरला की मग त्या खातो. अम्मीला हे सांगितले तर म्हणाली, "मग त्यालाही कोणी आईनेच शिकवलं असेल."

थंडी सोसणाऱ्या या जिवाला उष्णता मात्र सोसत नाही. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच 40 अंशांच्या आसपास असते, वर दाट लोकर. थोडे वाढले तरी जिवावर बेतते. सावलीत जाऊ दिले नाही, तर अमेरिकन पिका 26 अंशांच्या आसपासच्या हवेतही काही तासांत दगावू शकतो. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही इतके असते! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 ओलांडतो, तो हिशेब तर सोडाच.

त्याला वाचवतात त्या खडकांमधल्या फटी. बाहेर ऊन तापले तरी आत गारवा टिकतो. धाब्याच्या जुन्या घरात राहिलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. जाड मातीच्या भिंतीआड दुपार कशी निघते, ते आपण विसरलो आणि पत्र्याखाली कूलर लावून बसलो.

हवा तापत चालली तसा पिका आणखी वर सरकू शकतो, पण डोंगराला शेवट असतो. एका शिखरावरून दुसऱ्यावर जायचे तर मधली दरी गरम. बर्फ कमी पडला तर दुहेरी संकट, कारण बर्फाची गोधडी अंगावर असली तरच खालच्या फटी कडाक्याच्या थंडीपासून वाचतात. पश्चिम अमेरिकेतल्या काही जुन्या ठिकाणांहून तो नाहीसा झालाच आहे. काही ठिकाणी मात्र हवा गरम असूनही टिकून आहे, कारण तिथल्या फटी खोल आणि थंड आहेत.

माणसाने आणखी एक हात दाखवला. तिबेटच्या पठारावर पिका कुरणे खराब करतो म्हणून चीनमध्ये वर्षानुवर्षे विष टाकले गेले. पुढे अभ्यासकांना दिसले की त्याच्या बिळांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि त्याच बिळांत पक्षी घरटी करतात. कोल्ह्यांचे पोटही त्याच्यावरच.

सुट्टीत चोपता-तुंगनाथला किंवा लडाखला जाणार असाल, तर सकाळी लवकर खडकांच्या राशीजवळ मुलांना घेऊन गप्प बसा. दहा-पंधरा मिनिटांत एखादे गोल कानांचे डोके वर येईल. बिस्किटे टाकू नका, आणि रिकामी पाकिटे दगडांच्या फटीत कोंबू नका. ते त्याचे घर आहे.