आमच्या मुलींचा बास्केटबॉल

दंडीच्या ‘दशकुमारचरितां’त कंदुकावती नांवाच्या राजकन्येची कथा आली आहे. विंध्यवासिनी देवीच्या आराधनेसाठीं ती नगरजनांच्या देखत चेंडू खेळते. आणि तिच्या त्या क्रीडेचें वर्णन करतांना दंडीची लेखणी अशी खुलते, कीं तो भाग वाचतांना आम्ही अजूनहि रेंगाळतों. मुलींनीं चारचौघांत चेंडू खेळावा कीं नाहीं असा प्रश्न ज्यांना अद्यापि पडतो, त्यांना आमचें हें पहिलें उत्तर आहे. मात्र कंदुकावती एकटीच खेळते. ज्या खेळाविषयीं आज लिहावयाचें आहे, त्याचा प्राण दुसरीच्या हातीं चेंडू देण्यांत आहे.

बास्केटबॉल हा खेळ मूळचा अमेरिकेचा. १८९१ च्या हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना व्यायामशाळेच्या आंतच खेळतां यावें म्हणून स्प्रिंगफील्ड येथील जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढच्याच वर्षीं सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें स्मिथ महाविद्यालयांतील मुलींना तो शिकविला. पण धांवाधांवीनें नाजूक प्रकृतीस अपाय होईल या धास्तीनें मैदानाचे तीन भाग पाडले व आपला भाग कोणीहि सोडूं नये असें ठरविलें. १८९३ मध्यें तेथें झालेल्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. सोंवळें-ओंवळें कांहीं केवळ आपल्याच आळींत होतें असें नाहीं! ऑलिंपिकमध्यें पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ सालीं आला. स्त्रियांना मात्र १९७६ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, वाट पाहावी लागली.

ते तीन भाग आतां इतिहासजमा झाले. अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद असें तेंच मैदान, दहा फुटांवरचें तेंच कडें, दहा दहा मिनिटांचे तेच चार डाव. मुलींसाठीं चेंडू तेवढा किंचित् लहान. चेंडू हातीं आल्यावर चोवीस सेकंदांच्या आंत कड्याकडे फेंकलाच पाहिजे. विचार करावयास सवड नाहीं, आणि एकटीनें मिरवावयास तर मुळींच नाहीं.

आपल्या पुण्यांत महाविद्यालयें उघडतात तीं पावसांत. बऱ्याच ठिकाणीं मैदान उघडें, खालीं सिमेंट. सर येऊन गेली कीं मुली आधीं खराट्यानें पाणी लोटतात आणि मग सरावाला लागतात. सकाळीं सहाला सराव, नंतर तास, संध्याकाळीं शिकवणी. पावसाळा सरतां सरतां आंतरमहाविद्यालयीन सामने येतात. त्यांतून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि काल जिच्या अंगावर धांवून जावें लागलें तीच आज आपली सोबतीण होते. हा संघ पश्चिम विभागाच्या सामन्यांना जातो. तेथें अग्रभागीं आला तर अखिल भारतीय स्पर्धेला. सामने बाद पद्धतीचे असले, कीं चार महिन्यांची पहांट चाळीस मिनिटांत संपते.

असा एक सामना आम्हीं पाहिला. प्रेक्षक म्हणावे तर राखीव खेळाडू, दोनचार मैत्रिणी आणि आम्ही. पालक एकहि नाहीं. (हेच गृहस्थ क्रिकेटसाठीं दिवसभर दूरचित्रवाणीसमोरून हलत नाहींत.) एका गुणाची पिछाडी होती. संघांतील सर्वांत तरबेज मुलीभोंवतीं दोघींनीं कडें केलें, तेव्हां तिनें मोकळ्या उभ्या असलेल्या एका बुजऱ्या मुलीकडे चेंडू दिला. तिनें फेंकला, तो कड्यावर आपटून बाहेर आला आणि शिट्टी झाली. हंगाम आटोपला. त्या मुलीला कोणीहि बोललें नाहीं. जिनें चेंडू दिला होता तिनेंच तिची पाण्याची बाटली उचलून तिच्या हातीं ठेवली. वर्गांत जी गोष्ट शिकवितां शिकवितां आम्ही निवृत्त झालों, ती या मुलींना आली होती.

परंतु हीं वर्षें मोजकीं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलगी पोहोंचली, कीं घरांतून सूर निघतो, “आतां पुरे.” आमच्या इमारतींतील एका मुलीचें हेंच झालें आहे. वाणिज्य शाखेचें शेवटचें वर्ष, पुढें सनदी लेखापालाची परीक्षा. त्यांत तिचा गुडघा मागें एकदां दुखावलेला. आईची काळजी खोटी नाहीं. उडी मारून उतरतांना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षां मुलींना अधिक असतो, हें आतां सिद्ध झालें आहे. पण मांड्यांना बळकटी आणणारे व नीट उतरावयास शिकविणारे व्यायाम नियमानें केले तर तो पुष्कळ कमी होतो, हेंहि तितकेंच सिद्ध आहे. काळजीनें व्यायाम वाढवावा. खेळ कां थांबवावा?

“खेळून मिळणार काय?” असें तिच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें. पुण्याच्याच शिरीन लिमये यांनीं भारताच्या संघाचें कर्णधारपद भूषविलें आहे. २०१७ सालीं बंगळूर येथें आशियाई चषकाच्या दुसऱ्या श्रेणींत कझाकस्तानला अवघ्या दोन गुणांनीं हरवून भारत वरच्या श्रेणींत गेला, त्या संघांतहि त्या होत्या. रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या देते, राज्य सरकारनेंहि गुणी खेळाडूंसाठीं जागा राखल्या आहेत. हें सर्व आम्हीं त्यांना सांगितलें. पण खरें सांगावयाचें तर शंभरांत एखादीच तेथवर जाईल, आणि त्या आशेवर मुलीला खेळूं द्या असें आमचें म्हणणें नाहीं. हंगामाच्या मध्यावर तिला काढून घेऊं नका, एवढेंच आम्हीं मागितलें. पांचांतली एक गेली तर उरलेल्या चौघींनीं पहांटे उठून काय करावें?

बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग आंतून तिच्या आईनें विचारलें, “पश्चिम विभागाचे सामने कोणत्या महिन्यांत असतात, मास्तर?” आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्या परीक्षेच्या तारखा पाहूं लागल्या.