मुलांनी आणलेले कासव

पावसाळा लागून ओढ्यानाल्यांना पाणी आले, म्हणजे एखादा विद्यार्थी घमेल्यात अगर पिशवीत कासव घेऊन शाळेत येतो, हा अनुभव ग्रामीण भागातील बहुतेक शिक्षकांस असेल. "गुरुजी, हे मी पाळू का?" असे तो विचारतो. या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. परंतु ते का, हे त्या मुलास पटेल अशा रीतीने सांगता यावयास हवे.

अमेरिकेच्या पूर्व भागातील रानांत 'बॉक्स टर्टल' या नावाचे कासव आढळते. आपण त्यास पेटीकासव म्हणू. त्याच्या पोटाकडील कवचास बिजागरी असते व भय वाटताच ते पेटीप्रमाणे स्वतःस पूर्ण मिटून घेते. तेथील मुले फार वर्षांपासून ते उचलून घरी आणीत आली. या प्राण्याचा पुष्कळ अभ्यास झालेला असल्यामुळे त्याची हकीकत आपणांस उपयोगी पडेल. पेटीकासव आपले बहुतेक आयुष्य दोन-अडीचशे मीटरांच्या टापूत काढते. तेथील पाणी, सावली व खाद्य यांची त्यास पूर्ण ओळख असते. दूर नेऊन सोडल्यास ते नव्या जागी स्थिरावत नाही. जुन्या ठिकाणाच्या शोधात भटकते आणि पुष्कळदा रस्त्यावर वाहनाखाली सापडते. त्याचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचे, क्वचित त्याहून कितीतरी अधिक. मादी वयात येण्यास सात-आठ वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो, आणि एका वेळी ती घालते अवघी चार-पाच अंडी. त्यांतूनही थोडीच पिले जगतात. म्हणून एक मोठे कासव रानातून उचलले गेले, तरी ती उणीव भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. हौसेपायी चाललेल्या व्यापारावर अखेर आंतरराष्ट्रीय कराराने १९९५ मध्ये नियंत्रण घालावे लागले.

आपल्याकडील तळी, विहिरी व भातखाचरे यांत नेहमी दिसणारे कासव वेगळे. त्याच्या पाठीवर कठीण खवल्यांऐवजी मऊ कातडी असते, आणि आत ओढून घेतलेले मागील पाय झाकण्यास पोटाच्या बाजूस कातडीच्या झडपा असतात. त्यावरूनच त्यास 'फ्लॅपशेल' हे इंग्रजी नाव पडले. बेडूक, मासे, गोगलगायी, पाण्यातील मेलेले जीव व पाणवनस्पती असा त्याचा आहार असतो. पाणी आटले की ते चिखलात स्वतःस पुरून घेऊन पावसापर्यंत तग धरते. इतक्या चिवट प्राण्यास बादलीत काय कमी पडणार, असे मुलांस वाटणे साहजिक आहे. परंतु ऊन व योग्य आहार न मिळाल्यास कासवाची हाडे व कवच दुबळे होते. ते ओरडत नाही, तडफडत नाही. त्यामुळे त्याचे हाल कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. कवच म्हणजे अंगावर चढविलेले घर नव्हे, ते कणा व बरगड्या यांपासूनच बनलेले असते. त्यास भोक पाडून दोरी ओवणे म्हणजे हाडास भोक पाडणे होय.

पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची चाल पुष्कळ गावी आहे. त्यामागील हेतू वाईट नाही. मात्र सिमेंटच्या उभ्या कड्यांच्या विहिरीतून कासवास बाहेर पडता येत नाही, आणि अंडी तर जमिनीतच घालावी लागतात. अशा विहिरीत त्याचा वंश तेथेच संपतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये या कासवाचा समावेश आहे. ते पकडणे, घरी बाळगणे अथवा विकणे हा अपराध असून त्यास तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. मुलास मात्र त्याचा धाक घालू नये. वीस नखांच्या कासवाने धनलाभ होतो, ही भ्रामक समजूतही कित्येक कासवांच्या जिवावर उठली आहे. आपल्या या मऊ पाठीच्या कासवास प्रत्येक पायास तीनच नखे असतात. एकूण नखे किती, हा पहिलीच्या वर्गासही सुटणारा हिशेब आहे.

शहरातील दुकानातून कानाजवळ तांबडा पट्टा असलेले हिरवे पिलू भेट म्हणून आले, तर काय करावे? ते मूळचे अमेरिकेतील. रुपयाएवढे दिसणारे हे पिलू वाढून वीतभर किंवा त्याहून मोठे होते व वीस-तीस वर्षे जगते. कंटाळा आला म्हणून ते गावतळ्यात सोडणे तर सर्वांत वाईट. तेथील मूळ कासवांचे अन्न व जागा ते बळकावते. अशी भेट न स्वीकारलेलीच बरी.

आता वर्गापुढील प्रसंग. कासव पिशवीतून काढून ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवावे व वनरक्षकास कळवावे. शेपटीने उचलू नये. कवचाच्या मागील दोन्ही कडा धरून उचलावे, कारण त्याची मान बरीच लांब पोहोचते व ते चावते. थोडा वेळ मुलांनी भोवती शांत बसून पाहावे: नाकपुड्या कोठे आहेत, मान आत कशी जाते, पाय वल्ह्यासारखे का आहेत. चित्र ज्याने त्याने आपापले काढावे. एवढ्या वेळात होणारा परिसर अभ्यास पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांत होत नाही, असे माझे मत आहे. त्यानंतर ज्याने कासव आणले त्यालाच बरोबर घेऊन, ते जेथे सापडले तेथेच त्याच दिवशी सोडावे. रस्ता ओलांडताना सापडले असल्यास ते ज्या बाजूस चालले होते त्या बाजूस ठेवावे. जखमी असल्यास सोडू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

एक दक्षता अवश्य घ्यावी. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांपासून लहान मुलांस जुलाब व ताप येतो. याच कारणास्तव अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घालण्यात आली. तेव्हा त्या दिवशी कासवास हात लावलेल्या प्रत्येक मुलाने साबणाने हात धुतल्याखेरीज त्यास पोषण आहाराच्या पंगतीत बसू देऊ नये. ते घमेलेही पुन्हा स्वयंपाकाकडे जाऊ देऊ नये.