गाडी कुठे लागली आहे, हे कोण सांगणार?

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, पुण्यातील स्वारगेट एसटी स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीला अनोळखी माणसाने ‘ताई’ म्हणत तिची गाडी दुसरीकडे लागल्याचे सांगितले, अंधारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेले आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी फिर्याद आहे. स्थानकात कॅमेरे होते, सुरक्षारक्षक होते, पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून संशयिताची ओळख पटली आणि तीन दिवसांत शिरूर तालुक्यातून त्याला अटकही झाली. म्हणजे तंत्रज्ञान कामाला आले, पण गुन्हा घडून गेल्यावर. पहाटेच्या अंधारात गाडी कोणत्या फलाटावर आहे याची खात्रीची माहिती प्रवाशाच्या हातात नसेल, तर त्याला परक्याच्या शब्दावर विसंबावे लागते. हिंसेला वाट मिळाली ती तिथे. म्हणून तरुणींच्या सुरक्षिततेसाठी कोणते तंत्रज्ञान हवे याचा विचार करताना मी पहिला प्रश्न विचारेन तो असा : माहिती कोणाच्या हातात आहे?

आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर पहिली घोषणा होते ती कॅमेऱ्यांची, नाहीतर धोक्याच्या बटणाची. दोन्ही आवश्यक आहेत. आपत्कालीन मदतीचा ११२ हा क्रमांक प्रत्येकीच्या फोनमध्ये असायलाच हवा. पण कॅमेऱ्याचे चित्रण कार्यालयात राहते, आणि बटण दाबायची वेळ येते तेव्हा संकट अंगावर आलेले असते. २०१२च्या डिसेंबरात दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर मुंबईच्या एल्सा मारी डिसिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेफसिटी’ सुरू केले, ते वेगळ्या विचाराने. छेडछाड, पाठलाग, गर्दीत केलेला स्पर्श अशा अनुभवांची नोंद बाई नाव न देता करू शकते, आणि अशा नोंदी नकाशावर एकत्र दिसतात. एकटीची तक्रार ‘तुझा गैरसमज झाला असेल’ म्हणून उडवून लावता येते. एकाच वळणावर, त्याच सुमारास अनेकींनी केलेल्या नोंदी उडवून लावणे अवघड जाते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सेफ्टीपिन’ने उजेड, मोकळी दृष्टी, माणसांची वर्दळ, पायवाट असे निकष लावून रस्ते तपासायला घेतले आणि दिल्लीतील हजारो अंधाऱ्या जागा प्रशासनापुढे ठेवल्या. दिवे लावायला तिथे आधार मिळाला तो या नोंदींचा.

स्वारगेटच्या घटनेनंतर आगारात धूळ खात पडलेल्या बंद गाड्या हटवण्याचे आदेश निघाले. त्या गाड्या काही एका रात्रीत तिथे आल्या नव्हत्या. रोज तिथून जाणाऱ्या विद्यार्थिनी आणि नोकरदार मुलींना ते कोपरे टाळण्याजोगे वाटत असतील, तर ते कळवायचे कुठे आणि कळवल्यावर दखल कोण घेणार, याची सोय आधीच असायला हवी होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ॲप वापरा, ठावठिकाणा पाठवा, नोंदी करा असे सांगून आपण सुरक्षिततेचे ओझे पुन्हा मुलींच्याच खांद्यावर टाकतो. हे खरे आहे, आणि स्वारगेटनंतर ते उघड दिसले. तिने आरडाओरडा का केला नाही, अशी चर्चा मंत्र्यांच्या वक्तव्यापर्यंत पोहोचली. उद्या ‘बटण का दाबले नाही’ असेही विचारले जाईल. भीतीने गोठलेले शरीर ओरडत नाही आणि बटणही दाबत नाही. पण नोंदीचे काम निराळे आहे. ती बळी पडलेल्या मुलीची परीक्षा घेत नाही. सांगितल्यावरही दिवा का लागला नाही, असा जाब ती यंत्रणेला विचारते. आणि नोंदीच्याही आधी कोणाला तरी सांगणे येते. स्वारगेटच्या त्या सकाळी तरुणीने फोनवरून ओळखीच्या व्यक्तीला घडलेले सांगितले आणि त्या व्यक्तीच्या सल्ल्यानंतर ती पोलिसांकडे गेली, असे बातम्यांत आले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. या मौनापुढे विश्वासाच्या माणसाला केलेला एक फोन फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप असा, की तक्रार पोलिसांत करावी, अशा नोंदींतून किंवा समाजमाध्यमांवर नव्हे. खोट्या आरोपाची भीती मी हलकी मानत नाही; ज्याच्यावर आरोप होतो त्यालाही न्याय्य चौकशीचा हक्क आहे. पण फेब्रुवारी २०२१मध्ये माजी केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी दाखल केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, त्यांच्यावर लैंगिक छळाचा जाहीर आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमानी यांना निर्दोष ठरवताना दिल्लीच्या न्यायालयाने स्पष्ट केले, की स्त्रीला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर आणि कित्येक वर्षांनंतरही मांडता येते. शिवाय पोलिसांची वाटही आता बदलली आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत सही मात्र करावी लागते.

फोन सगळ्यांजवळ नाही, ही अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. ज्या घरात मुलीचा फोन भाऊ तपासतो, तिथे नोंद करणे हीच जोखीम. म्हणून स्वारगेटसारख्या ठिकाणी फलाटावर ठळक दिसणारा गाड्यांचा फलक आणि पहाटेही उघडी असलेली चौकशी खिडकी ॲपइतकीच महत्त्वाची आहे. तिथे एसटी, पीएमपीची शहर बससेवा, मेट्रो आणि महापालिकेचा रस्ता एकमेकांना लागून आहेत. गुन्ह्याची तक्रार हद्दीच्या कारणाने नाकारता येत नाही, पण तिथल्याच जेधे चौकाजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्याबद्दल एखाद्या मुलीने कळवले, तर तो कोपरा कोणाचा हे ठरवण्याचे काम अजूनही तिच्यावरच पडते. या चार यंत्रणांनी एकच तक्रार क्रमांक द्यावा आणि आलेल्या प्रत्येक नोंदीवर काय केले ते महिन्याच्या महिन्याला स्थानकात लावावे.