सांबा (सॉफ्टवेअर)

सांबा हे भिन्न ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या संगणकांना एकाच जाळ्यात फाइली व प्रिंटर सामायिकपणे वापरू देणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. लिनक्स किंवा युनिक्स संगणकावर ते चालवले असता जाळ्यातील विंडोज संगणकांना तो आपल्यातलाच एक वाटतो.

दोन संगणक तारेने जोडले की त्यांचा संवाद सुरू होतो, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. टीसीपी/आयपी ही केवळ टपालव्यवस्था होय. पाकीट पोहोचले तरी आतील पत्राची भाषा उभयतांना यावी लागते. फाइलींच्या देवघेवीसाठी विंडोज 'एसएमबी' हा प्रोटोकॉल वापरते. त्याचा उगम १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाला व पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. युनिक्सच्या जगात मात्र 'एनएफएस' रूढ होता.

इतिहास

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधक विद्यार्थी असलेले अँड्रू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस हे काम आरंभले. युनिक्स संगणकावरील फाइली आपल्या डॉस संगणकावर दिसाव्यात, एवढीच त्यांची गरज होती. त्यांनी जाळ्यातून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर मिळते हे टिपून घेतले. फ्रेंच न येणाऱ्याने कॅफेत बसून गिऱ्हाइकांच्या मागण्या ऐकत भाषा शिकावी, तशी ही रीत असल्याचे त्यांनी पुढे सांगितले. पहिली आवृत्ती जानेवारी १९९२मध्ये निघाली. सुरुवातीचे एक नाव दुसऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हामुळे सोडावे लागले. तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शब्दसूचीत शोधून 'सांबा' निवडण्यात आले.

अशा ऐकीव ज्ञानावर किती काळ विसंबावे, हा प्रश्न पुढे न्यायालयात पोहोचला. आवश्यक तांत्रिक माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा आदेश युरोपीय आयोगाने २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला दिला व सप्टेंबर २००७मध्ये युरोपीय न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १०,००० युरो एकरकमी भरून ही कागदपत्रे सांबाच्या विकसकांसाठी मिळवण्यात आली. सोळा वर्षे कान देऊन शिकलेल्या भाषेचे व्याकरण अखेर हाती आले.

कार्यपद्धती

सांबाचे खरे कसब दुभाष्याचे आहे. फाइलीच्या नावातील लहान व मोठी इंग्रजी अक्षरे लिनक्स भिन्न मानते, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे मागितलेले नाव तंतोतंत न सापडल्यास सांबाला संपूर्ण फोल्डर धुंडाळावा लागतो. (देवनागरीत असा अक्षरभेदच नसतो.) फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी याचे दोन्हीकडचे नियमही निराळे, सांबा त्यांची सांगड घालते. फाइलीच्या आतील मजकुराला मात्र ते हात लावत नाही.

डिसेंबर २०१२मधील ४.० या आवृत्तीपासून सांबा विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे नियंत्रकही होऊ शकते. एसएमबीची पहिली पिढी आता असुरक्षित मानली जाते. मे २०१७मधील 'वॉनाक्राय' हा उपद्रवी प्रोग्राम विंडोजमधील तिच्याच त्रुटीतून पसरला. २०१९मधील ४.११ या आवृत्तीपासून सांबामध्येही ती मुळात बंद ठेवलेली असते. परिणामी केवळ हीच जुनी बोली जाणणारे संगणक व स्कॅनर, तार शाबूत असूनही, नव्या सांबाशी जोडले जात नाहीत.