शारजाचा हिवाळा आणि अम्मींचा मसाला

"एवढ्या पैशांत उमरा होतो गं, दुल्हन!"

आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हे वाक्य त्या महिन्यात किती वेळा म्हणाल्या असतील याची गणतीच नाही. आणि त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. आमच्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावात मुसलमान घरातली बाई विमानात बसते ती हजला, नाहीतर उमऱ्याला. नुसतं हिंडायला परदेशी जायचं, तेही सासूला आणि लेकरांना घेऊन, म्हणजे सगळ्या गल्लीला आठ दिवस पुरेल असा विषय!

पण माझा धाकटा दीर अकरा वर्षांपासून शारजाला नोकरीला आहे. दोन वर्षांतून एकदा येतो, महिनाभर राहतो, जातो. "कैसा रहता रे तू वहाँ?" असं अम्मींनी विचारलं की "एकदम मस्त, अम्मी" हे एकच उत्तर. तेव्हा मी हळूच सुचवलं, "एकदा बघून तरी या." त्यावर अम्मी गप्प बसल्या. मी तो होकार धरला.

माझा स्वतःचा स्वार्थही होता, तो लपवत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. आम्ही दोन वेळा थंड हवेच्या ठिकाणी गेलो. दोन्ही वेळा प्रत्येक हॉटेलात मटण हलाल आहे का हे ह्यांनी वेटरला कानात विचारायचं, खात्री पटली नाही की आम्ही केळी, भजी आणि घरून आणलेल्या पोळ्यांवर राहायचं, आणि नमाजेसाठी मी खोलीचा कोपरा नाहीतर मोटारीची मागची सीट शोधायची. कुणी वाईट वागलं असं नाही हो. पण सहल संपेपर्यंत मनावरचा ताण काही उतरला नाही. बाईमाणसाला सुट्टी म्हणजे ताण उतरणं, एवढंच तर हवं असतं.

तर शारजाच का? दुबई शेजारीच आहे, तिचं नाव मोठं. आपल्याला शारजा ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. 1998 साली सचिनने तिथे केलेली दोन शतकं ह्यांना अजून चेंडूगणिक पाठ आहेत. पण त्याच 1998 साली युनेस्कोने या शहराला अरब जगताची सांस्कृतिक राजधानी म्हणून मान दिला, हे मला तयारी करताना समजलं. शहरात दारूबंदी आहे. घरं आणि हॉटेलं दुबईपेक्षा स्वस्त पडतात. बाजारात शिरलात तर बायकांची नमाजेची जागा वेगळी, वजूची सोय वेगळी. आणि आमच्या मराठवाड्याच्या माणसाला तिथे फारसं परकंही वाटत नाही. आमच्याकडे 'चाऊस' आडनावाची घरं आहेत, ती निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांची. रमजानमध्ये आपण हलीम खातो, तो त्या अरबांच्या हरीसचाच हैदराबादी भाऊ. आणखी एक गंमत सांगते. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी भोकरात निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि तिकडे शारजात मात्र आपला हिंदुस्थानी रुपया! रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखाती देशांसाठी खास वेगळ्या नोटा काढल्या होत्या, त्या 1966 पर्यंत चालल्या.

वेळ नीट ठरवा. नोव्हेंबर सरता सरता तिकडची हवा सुखाची होते आणि फेब्रुवारीपर्यंत तशीच राहते. दिवसा चोवीस-पंचवीस अंश, रात्री शालीपुरता गारवा. उन्हाळ्यात मात्र कुणी फुकट नेलं तरी जाऊ नये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकिटांचे भाव आभाळाला भिडतात, म्हणून आम्ही 2025 च्या जानेवारीत गेलो. मुलांच्या शाळेतून आठ दिवसांची रजा काढली. यापुढे दर वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतोय आणि 2030 च्या सुमारास तो ऐन हिवाळ्यात येईल. तेव्हा बेत आखताना आधी चंद्राचं कॅलेंडर बघा. रोजे ठेवून हिंडणं होत नाही, आणि दिवसा उपाहारगृहांची वर्दळही नसते.

पासपोर्टची कामं उरकली. व्हिसा मात्र आधी हातात हवा, भारतीयांनी तिथे उतरून बघू म्हणून चालत नाही. आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि तिथून शारजाला थेट विमान आहे; चार तासांच्या आत पोचतं. तिथलं घड्याळ आपल्यामागे दीड तास.

आता सामानाचं. इथे जरा थांबते, कारण इथेच आमची फजिती होता होता राहिली. अम्मींनी लाडक्या लेकासाठी चार दिवस खपून दोन किलो मसाला केला होता. धने, खोबरं, तीळ, दगडफूल आणि भरपूर खसखस. निघायच्या आदल्या रात्री दिराचा फोन. सहज म्हणाला, "भाभी, मसाल्यात खसखस नाही ना?" खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते! ती सापडली म्हणून माणसं तुरुंगात गेली आहेत. रात्री अकरा वाजता सगळा डबा बाजूला काढला. अम्मींचा चेहरा बघवेना. मग दोघींनी पदर खोचले आणि रात्री दोनपर्यंत बसून खसखशीशिवाय अर्धा किलो मसाला नव्याने भाजला, कुटला. समोरच्या काकूंनी संक्रांतीचा तिळगूळ दिला होता, त्याला मात्र काही आडकाठी नाही. पान आणि गुटखाही नेऊ नका. अम्मींनी पानाचा डबा घरी ठेवला, हा त्यांचा त्याग मोठाच. औषधांचंही तसंच. खोकल्याची काही औषधं आणि वेदनाशामक गोळ्या तिथे चालत नाहीत, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली तर मुळीच नाहीत. रोजची औषधं मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, आणि शंका असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधीच काढा.

सोन्याबद्दलही सांगते, कारण तिथला निळ्या फरशांचा मोठा बाजार बघून कुणाचंही मन चळेल. "बाईला चाळीस ग्रॅम आणता येतं" असं आपल्याकडे सर्रास बोलतात. ती सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या बाईसाठी आहे, आठ दिवसांच्या पाहुणीसाठी नाही. उलट अंगावरच्या बांगड्या-पाटल्या जाताना आपल्या विमानतळावर कस्टमला दाखवून दाखला घ्यावा, म्हणजे येताना वाद नको. मी तर मंगळसूत्रासारखा लच्छा सोडून बाकी सगळं घरीच ठेवलं.

राहायचं कुठे यावर दीर म्हणाला होता, "माझ्याकडे नको, हॉटेलच बरं." मी चुलीसकट खोल्या मिळतात तशी दोन खोल्यांची जागा घ्यायला लावली, पण घरातून निघतानाच जाहीर केलं, की चूल फक्त चहा आणि दुधासाठी. नातेवाइकाकडे सुट्टीला गेलेली बाई पहिल्या दिवशी पाहुणी असते आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकीण, हा माझा माहेर-सासरचा अनुभव आहे. तिथे केरळी खाणावळी पावलोपावली आहेत, शाकाहारी मैत्रिणींचेही हाल होणार नाहीत. अरबांचे लुकैमात खाल्ले, खजुराच्या पाकातले ते अगदी आपले गुलगुले!

पाहण्यासारखं खूप आहे, मी तीनच सांगते. खाडीकाठचं इस्लामी संस्कृतीचं संग्रहालय पूर्वी बाजार होता. 2008 पासून तिथे संग्रहालय आहे. सोनेरी घुमटाच्या आत निळ्या आकाशात राशी आणि तारे जडवलेत. काबागृहावरच्या किस्व्याचा तुकडा तिथे आहे, त्यापुढे अम्मी बराच वेळ उभ्या राहिल्या. जुन्या वस्तीत मोत्यांच्या व्यापाऱ्याचा वाडा आहे, बैत अल नाबूदा. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि मधोमध अंगण, थेट आपल्याकडच्या वाड्यासारखं. आणि 1823 चा किल्ला. तो 1969 च्या सुमारास पाडायला घेतला होता. आत्ताचे शासक तेव्हा कैरोत शिकत होते. ते धावत आले, एक बुरूज वाचवला, दारं-खिडक्या सांभाळून ठेवल्या आणि पुढे राज्यावर आल्यावर किल्ला पुन्हा उभारला. शुक्रवारी सकाळी ही ठिकाणं बंद असतात, दुपारनंतर उघडतात. खालिद तलावाकाठची नूर मशीद इतर धर्मीयांनाही आतून बघता येते. तिथे डोक्यावर पदर घ्यायला विसरू नका. संध्याकाळी दुबईच्या रस्त्याला लागू नये, तासन् तास गाड्या हलत नाहीत.

पाच दिवस दीर आम्हाला हिंडवत होता. रोज काही नवं, रोज काही गोड. खोली दाखवायचं नाव नाही. सहाव्या दिवशी, शुक्रवारी, अम्मी हटून बसल्या.

जुमा झाल्यावर त्याचे साथीदार मुद्दाम बाहेर थांबले आणि आम्ही वर गेलो. एक खोली, तीन दुमजली लोखंडी पलंग, सहा माणसं. त्याचा खालचा पलंग, त्याला चादरीचा पडदा बांधलेला. पलंगाखाली पेटी आणि भिंतीला अम्मींचा फोटो. दीर खाली मान घालून म्हणाला, "अम्मी, सगळे असेच राहतात. पैसे वाचतात." अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी उशीचा अभ्रा काढला, झटकला, पुन्हा घातला. चादरीच्या कडा नीट केल्या. मग तिळगुळाचा डबा खिडकीत ठेवला आणि विचारलं, "बाकीचे पाच कुठले?" दोन केरळचे, एक बिहारचा, दोन पाकिस्तानचे.

हॉटेलवर परतताना अम्मींनी वाटेत मटण आणि तांदूळ घ्यायला लावले. मी माझ्या जाहीरनाम्याची आठवण केली.

"तू बैठ, दुल्हन," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून मसाल्याची पुडी काढली. मी बसले नाही, कांदे चिरायला घेतले. रात्री दीर दोन्ही हातांत सहा माणसांचं जेवण घेऊन गेला. तासाभराने त्याचा फोन आला. पाकिस्तानचा एक जण विचारत होता, मसाला कुठला?

"भोकरचा म्हणून सांग," अम्मी म्हणाल्या. "और बोल, खसखस नहीं डाली. नहीं तो इससे भी अच्छा होता."