घरच्या घरी ट्रक उचलताना

आम्ही ट्रक घेतल्याचं फोनवर कळवलं, तेव्हा पुण्याला आईला वाटलं, पोरगा मास्टर्स करून शेवटी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पडला! अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप, हे तिला पटवायला दोन रविवार लागले. इथे येऊन वीस वर्षं झाली, तरी गॅरेजवाला गिअरबॉक्सच्या कामाचा आकडा सांगतो तेव्हा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार होतोच. मग ‘घरीच करू’ म्हणून आपण बाह्या सरसावतो. अशा मंडळींसाठी हा लेखनप्रपंच.

आधी आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका दुपारी ब्रेकची नळी गळते का ते बघायला ड्राइव्हवेवर ट्रकचं मागचं टोक जॅकवर चढवलं आणि एक चाक काढलं. ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणून स्टँड लावलेच नाहीत. बारा वर्षांचा चिरंजीव शेजारी पालथा पडून पान्हे पुरवत होता. सौ.नी चहाला हाक मारली, आम्ही दोघं बाहेर आलो. कप हातात घेतो न घेतो तोच धाडकन आवाज! उन्हाने मऊ झालेल्या डांबरात जॅक रुतून कलंडला होता आणि ट्रक खाली बसला होता. आत भिंतीवर इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या लटकत होत्या. सौ. एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या घरी एकच नियम आहे: जॅक उचलण्यासाठी, पेलण्यासाठी नव्हे. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार थोड्याशा तेलावर आणि एका सीलवर असतो. सील गेलं की भार खाली. पेलायला जॅक स्टँडच हवेत, म्हणजे आपल्याकडची लोखंडी घोडी.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. डांबर असेल तर जॅक आणि स्टँड यांच्याखाली पाऊण इंच जाडीचं प्लायवुड घाला. हिरवळ आणि खडी वर्ज्य.

मग उटी. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो, आठवतं? त्याचं शहाणपण आपल्याला डिग्री घेऊनही सुचत नाही. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर गिअर ‘पार्क’मध्ये टाकूनही मागचीच चाकं धरली जातात. म्हणजे मागचं टोक उचललं की दोन्ही बंदोबस्त हवेत! म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून उटी लावायचीच.

मोठी पिकअप रिकामी असतानाही साधारण 5,000 पौंड भरते. स्टँडवरचं लेबल नीट वाचा, कारण कधी तिथला आकडा एका स्टँडचा नसून जोडीचा असतो. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने लाखो स्टँड परत मागवले. दात्यात अडकणारी कळ नीट बसत नव्हती, त्यामुळे स्टँड अचानक खाली येण्याचा धोका होता. तेव्हा नवीन स्टँडसुद्धा डोळे झाकून वापरू नका, कळ बसलेली स्वतः बघा. काँक्रीटचे पोकळ ब्लॉक तर चुकूनही लावू नका, ते सूचना न देता फुटतात.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. एका वेळी एकच टोक उचला. वर जाताना जॅकचा दांडा कमानीत फिरतो, म्हणून त्याची चाकं थोडी सरकतात. ती अडवू नका. स्टँड चॅसीच्या जाड लोखंडाखाली लावा, पातळ पत्र्याखाली नाही. मग जॅक हळूहळू सोडून भार स्टँडवर येऊ द्या. काढलेली चाकं चॅसीखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी तेवढी फट उरते.

आता महत्त्वाची परीक्षा. बाहेर उभं राहून ट्रकला दोन्ही हातांनी जोरात ढकला. हलला तर उतरवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. खाली शिरून लांब दांड्याने गंजलेला बोल्ट ओढताना याहून जास्त हिसका बसतो. गिअरबॉक्स शंभर पौंडांच्या वर जातो. तो छातीवर घेण्याचा पराक्रम नको, त्यासाठी वेगळा जॅक भाड्याने मिळतो. आणि घरात कुणी नसताना खाली जाऊ नये. फोन खिशात ठेवावा.

एवढं करणं होत नसेल तर गॅरेजवाल्याला पैसे द्यावेत, त्यात कमीपणा नाही.

चिरंजीव आता कॉलेजात आहे. सुट्टीत आला की ट्रक ढकलून बघायचं काम तो स्वतःकडे घेतो, आणि त्याने मान हलवल्याशिवाय बाबांना खाली शिरता येत नाही. सौ. तेव्हा चहाला हाक मारत नाहीत, कप घेऊन बाहेरच उभ्या असतात.