शतमक म्हणजे टक्के नव्हेत

मुंबई विद्यापीठाच्या टीवायबीएला मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र एकाच पेपरात येतात. ही जोडी योग्यच आहे. राज्य मंडळाने २०१६मध्ये दहावीसाठी कलचाचणी आणली आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९०पासून आहे. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतल्या पालकांनाही अभिक्षमता चाचणी नवी नाही. मात्र तिचा अहवाल वाचायला आकडेवारी समजावी लागते.

एखाद्या मुलीचं यांत्रिक क्षमतेतलं ४०वं शतमक म्हणजे शंभरात चाळीस गुण नव्हेत. तुलनेच्या गटातली सुमारे ४० टक्के मुलं या मुलीच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गट शहरी इंग्रजी माध्यमाचा आणि मुलगी मुरबाडसारख्या ग्रामीण भागातली असेल, तर ही तुलनाच तपासायला हवी.

दुसरी गोष्ट मापनातल्या चुकीची. प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असेल, तर १ वजा ०.९१ म्हणजे ०.०९; त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५, उत्तर ४.५. ही मापनाची प्रमाण त्रुटी. एका क्षमतेत ११० आणि दुसरीत १०६ गुण पडले, तर हा चारचा फरक त्या त्रुटीपेक्षाही कमी आहे; तेवढ्यावर विज्ञान की वाणिज्य हे सांगता येत नाही. हे गणित वर्गात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने सोडवायलाच हवं.